साठ वॅटची चार बोटं

साठ वॅटचा बल्ब संध्याकाळभर लावला की माझी नात शाल्मली चार बोटं बुटकी होते. आमच्या घरातले दिवे तिच्या उंचीवर चालतात. मी आणि माझी बायको सुलभा वाढून झालो आहोत. घरात वाढती तेवढी तीच. झोपेत ती थोडी भरून येते, पण लहान झाल्यापासून तिची वाढही लहान झाली आहे. आठ वर्षांची पोर, माझ्या कमरेलाही लागत नाही.

तिला घेऊन मी फैयाजभाईंच्या विजेच्या दुकानात गेलो. त्यांनी तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पेन्सिलीने खूण केली आणि काउंटरवरच्या होल्डरमध्ये तारेचा बल्ब लावला. क्षणात ती खुणेपासून तांदळाच्या दाण्याएवढी खाली गेली.

"आजोबा, मी कुठं जाते?"

"उजेडात तुझा थोडासाच भाग जातो. बाकीची उष्णता होतेस. हात धरून बघ."

तिने बल्बजवळ तळवा नेला. "हे ऊन ऊन लागतंय ते मीच?"

"बहुतेक तूच."

ती बराच वेळ हात मागे घेईना.

मग नऊ वॅटचा एलईडी लावला. उजेड तेवढाच पडला, आणि ती जेमतेम केसभर हलली.

"साठात नऊ किती वेळा?" मी विचारलं.

"सहा वेळा. सहा उरतात."

"तीच खरी बचत, सर," फैयाजभाई म्हणाले. त्यांनी बल्बच्या गळ्यावर तारीख लिहिली. "दोन वर्षांत गेला तर घेऊन या. बल्ब हां, पोरगी नव्हे."

घरातले सगळे साठचे बल्ब मी बदलले. तरी सकाळी ती माझ्या गुडघ्याला आली, आणि दुपारी पाटावर उभी राहिली तेव्हा वाटीच्या काठावरून आत डोकावू लागली.

मी खोल्या फिरून पाहिल्या. भर दुपारी एकच दिवा चालू होता. देवघरातला लाल झिरोचा बल्ब. शाल्मलीच्या बारशाला लावलेला.

"त्याला काही लागत नाही हो," सुलभा म्हणाली. "झिरो आहे तो."

"नाव झिरो. पंधरा वॅट लागतात त्याला, आणि तू तो कधी बंद करत नाहीस."

"मग देवांना अंधारात ठेवू?"

"आजी," पाटावरून बारीक आवाज आला, "तुझा चेहरा एका वेळी सगळा दिसत नाही गं आता."

सुलभाने देवांना हात जोडले. मग बटण बंद केलं.

आठ वर्षांची उंची एकदम परत येऊ लागली. शाल्मली माझ्या गुडघ्यापाशी आली, खांद्यापाशी आली, मला ओलांडून गेली. कौलं हलकेच बाजूला सरली. आम्ही अंगणात आलो आणि माना मागे टाकून पाहत राहिलो. खूप वर तिने आमच्याकडे वाकून काहीतरी विचारलं. ओठ हललेले स्पष्ट दिसले. आवाज अजून खाली पोचलेला नाही.