पासपोर्ट खाली आले नाहीत

“सगळ्या मुलींचे पासपोर्ट घेऊन या, काका. व्हिसा तपासायचेत,” जिन्याखाली खुर्ची ओढून बसत विनीत म्हणाला. इमारतीच्या मालकाच्या ऑफिसातला माणूस तो.

“तपासून लगेच देनार ना?”

“कोर्स संपेपर्यंत ऑफिसच्या तिजोरीत राहतील. एखादी मुलगी व्हिसा संपूनही राहिली तर मालक अडकेल. यल्ला, चला, वर जा.”

आखातातल्या जिदहफ्स गावातल्या त्या इमारतीचा तुकाराम वॉचमन. वरच्या मजल्यांवर परदेशातून शिकायला आलेल्या मुली भाड्यानं राहत. पहिलंच दार इक्राचं. ती महाडची, नर्सिंग शिकणारी. आपल्याकडची भाषा बोलणारी म्हणून त्याचा तिच्यावर अंमळ जास्त जीव.

ऐकून तिचा चेहरा उतरला. “काका, व्हिसाचं रिन्यूअल कॉलेजनं टाकलंय, मेसेज आहे मोबाईलवर. पण अब्बांचं ऑपरेशन आहे, मला घरी जायचंय. पासपोर्ट अडकला तर?”

तरीही तिनं तो कपाटातून काढून पुढे केला. नाही म्हटलं तर खोली जायची, ही धास्ती.

तुकारामनं हात पुढे केला नाही. मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपात होता तेव्हा त्याचाही पासपोर्ट असाच शेठच्या तिजोरीत होता. बायको, शेवंती, गेल्याचा फोन आला तेव्हा शेठ परदेशी आणि किल्ली त्याच्याजवळ. तुकाराम संगमेश्वरला पोचला तोवर अस्थीही नदीत सोडून झाल्या होत्या. “आता कशाला आलात?” लेकीनं विचारलं होतं.

“ठेव तो आत,” तो म्हणाला. “इथलं ओळखपत्राचं कार्ड दाखव, मेसेज दाखव. पासपोर्ट हातातून सोडू नको, बाय.”

मग दारोदार जाऊन मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं हेच सांगितलं आणि तो खाली आला.

“कुठायत?” विनीतनं विचारलं.

“ज्याचे त्याच्याजवळ. तपासायचं तर वर जाऊन तपासा. मी गोळा करनार नाय.”

विनीतनं आवाज चढवला नाही. “तुमचाही व्हिसा मालकाच्या हातात आहे, काका. एक फोन केला की खलास.”

“करा. गावी जाईन. माजा पासपोर्ट माज्याजवळ हाय.”

विनीतनं मालकाला फोन केला. मग स्वतः वर गेला. मुलींनी दारातच उभं राहून कार्डं दाखवली, इक्रानं मेसेजही दाखवला. पासपोर्ट मात्र एकीनंही सोडला नाही. तो हात हलवत खाली आला. “संध्याकाळपर्यंत तुमची खोली मोकळी करा,” एवढंच तुकारामला म्हणाला आणि निघून गेला.

ऊन कलल्यावर बुदैयाहून गाववाल्याची पिकअप आली. तुकाराम ट्रंक उचलायला वाकला, तर इक्रानं तिची कडी आधीच धरली होती.

“अब्बांकडे जायचं तिकीट काढलं, काका,” ती म्हणाली.

दुसरीनं वळकटी घेतली, तिसरीनं भांड्यांची गोणी. “अगो, मी नेतो की,” तो पुटपुटला. कुणी ऐकलं नाही. सामान घेऊन मुली रस्त्याकडे निघाल्या आणि त्यांच्यामागून तुकाराम, मोकळ्या हातांनी, ताठ मानेनं.