बेचाळीस सेकंद

रविवार, नऊ फेब्रुवारी दोन हजार पंचवीस. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि वहीतल्या अकरा पायऱ्यांपैकी आठ पायऱ्यांपुढे बरोबरची खूण पडली होती. नववीपाशी धोंडिराम अडले होते. कॉम्प्युटरवर रेडिओचा प्लेअर उतरवून झाला, स्पीकर जोडून झाले, केंद्राचा पत्ताही चौकटीत टाकून झाला; आवाजाची हिरवी पट्टी मात्र हलायला तयार नव्हती.

"अहो, अकराला तिचा कार्यक्रम आहे," शकुबाई म्हणाल्या. "लेकीलाच विचारते ना. लावू फोन?"

"काही गरज नाही. पत्ता परत वाच."

शकुबाईंनी चष्मा चढवून मोबाईलवरचा निरोप अक्षर अक्षर वाचला. "…आणि शेवटी आठ हजार."

"आठ हजार? हे मघाशी नाही सांगितलंस."

"मला वाटलं, वर्गणी मागतायत."

धोंडिरामांनी पत्त्याच्या शेवटी तो आकडा टाकला. पट्टी थरथरली आणि मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत ढोलकी घुमली. त्यांनी नववीपुढे खूण केली.

लिहून काढल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, ही तंत्रशाळेत जडलेली शिस्त त्यांनी कारखान्याच्या चाचणी विभागात अडतीस वर्षं पाळली. घरी दुरुस्तीला बसले की दहा वर्षांची दर्शना शेजारी बसून स्क्रू वाटीत मोजून ठेवायची. पुढे तिला अंधेरीच्या कंपनीत कायमची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी चाळभर पेढे वाटले. ती नोकरी सोडून ती धाराशिवकडच्या एका खेड्यात, बायकांनी चालवलेल्या छोट्या रेडिओ केंद्रावर गेली. "यापुढे फोन करायचा तर आईला कर," असं ती निघताना ते तिला म्हणाले. लेक बापाचीच. तिने ते तंतोतंत पाळलं. त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले होते.

केंद्राचा आवाज आजवर फार तर पंधरा किलोमीटर जात असे. आजपासून ते इंटरनेटवर आलं होतं.

दहावी पायरी होती उशीर मोजण्याची. "इंटरनेटवरचा आवाज टाकीतल्या पाण्यासारखा आधी साठतो, मग सुटतो," त्यांनी शकुबाईंना समजावलं. शकुबाईंनी केंद्रातल्या चंपाला फोन लावून तिथल्या रेडिओजवळ धरायला सांगितला. ढोलकीची एक थाप आधी फोनवर आली, मग स्पीकरवर. धोंडिरामांनी घड्याळ थांबवून आकडा लिहिला: बेचाळीस सेकंद.

"म्हणजे पोरीचं बोलणं आपल्याला शिळं मिळणार."

"शिळं नाही. उशिरा."

अकराच्या ठोक्याला नव्हे, बेचाळीस सेकंदांनी दर्शनाचा आवाज आला. लोकांनी फोनवर बिघाड सांगायचे आणि तिने दुरुस्ती सांगायची, असा कार्यक्रम होता. पहिला फोन काशीराम नावाच्या वृद्धांचा होता. विहारातला अँप्लिफायर वंदनेच्या वेळी घरघरत होता आणि ते तो पुढ्यातच घेऊन बसले होते.

"कंडेन्सर गेलाय," धोंडिराम पुटपुटले.

"काका, कंडेन्सर गेला असणार," दर्शना म्हणाली. शकुबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"प्लग काढा, झाकणाचे स्क्रू काढा. आत डबीसारखा मोठा कंडेन्सर दिसेल. वरून फुगलाय का, बोट फिरवून बघा."

धोंडिराम ताडकन उठले. "बोट? अगं, झटका बसेल म्हाताऱ्याला! फोन लाव!"

"कुणाला?"

"तिला! लवकर!"

शकुबाईंनी कार्यक्रमाचा नंबर लावून मोबाईल त्यांच्या हातात कोंबला. स्पीकरवर काशीराम एका गंजलेल्या स्क्रूशी झटत होते.

"नमस्कार, कोण बोलतंय?"

"कंडेन्सर आधी रिकामा करायला सांग! तसाच बोट लावायला सांगतेस?"



"पप्पा?"

"आधी त्यांना थांबव!"

"थांबवलं, पप्पा. स्क्रू निघायच्या आतच थांबवलं. ते बल्ब आणायला गेलेत, म्हणून तर तुमचा फोन घेतला. तुमच्याकडे अजून पोचलं नसेल."

धोंडिरामांची नजर वहीवर गेली. आकडा त्यांच्याच अक्षरात होता. तेवढ्यात स्पीकर बोलू लागला.

"…थांबा काका, हात मागे घ्या. चुकलं माझं. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज राहते. आधी बल्बच्या वायरी लावून ती उतरवायची, मगच हात. हे मी माझ्या वडिलांकडून शिकले आणि नेमकं तेच सांगायचं राहिलं."

"पप्पा, कॉम्प्युटरचा आवाज कमी करा ना," फोनवरची दर्शना म्हणाली. "इकडे घुमतंय."

"घुमू दे. ऐकतोय मी." त्यांनी आवाज कमी केला नाही. "संध्याकाळी फोन कर."

"आईला?"

"मला."

तिला पुढचा फोन घ्यायचा होता. धोंडिराम खुर्चीत टेकतात न टेकतात तोच स्पीकरमधून त्यांचाच आवाज कडाडला, "कंडेन्सर आधी रिकामा करायला सांग!"

"बाई गं! केवढ्यानं ओरडलात," शकुबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांनी तोच पदर डोळ्यांना लावला.

स्पीकरवर लेक "पप्पा?" म्हणाली, ते त्यांनी पुन्हा एकदा ऐकलं. मग पेन्सिलीला टोक काढून अकराव्या पायरीपुढे लिहिलं:

आवाज पोचला. उशीर ४२ सेकंद.