चौथं बोट

परीक्षकांनी पेन्सिलीनं टेबलावर टकटक केलं आणि प्रवेशपरीक्षेला आलेल्या मुलीचे हात पियानोवरच थांबले.

"छान. आता तीच ओळ परत. सावकाश, आणि चौथं बोट टेकवून."

तिनं वाजवलं. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वरच राहिलं, कामाच्या वेळी बाजूला उभ्या राहणाऱ्या जावयासारखं. शेजारची दोन बोटं त्याचंही काम उरकून मोकळी झाली.

"बोटाला काही लागलंय का गं?"

"नाही सर. मावशी असंच शिकवते."

मावशी भिंतीलगतच्या खुर्चीत पर्स धरून बसली होती. ऐन भरात तिनं मैफली सोडून शिकवणी धरली, तेव्हा केवढा त्याग म्हणून सगळे हळहळले. तिनंही कुणाला अडवलं नाही. चौथं बोट ऐकेनासं झालंय, हे फक्त डॉक्टरांना ठाऊक. त्याला वगळून वाजवायची तिनं अशी सोय लावली, की पुढं तिलाच ती आपली शैली वाटू लागली.

परीक्षक तिचे जुने सहाध्यायी. त्यांनी चष्मा पुसला.

"सकाळपासून तुझीच मुलं ऐकतोय. सगळ्यांचं हेच. म्हटलं, बाईंनी नवीन काही काढलं की काय."

मावशी हसली नाही.

"ही सवय मोडायला वर्षं जातील. आणि हिची तर वयोमर्यादा यंदाच संपते." पुढचं त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं. "नाही घेता येणार गं."

बाहेर व्हरांड्यात मावशीनं भाचीचं ते बोट दाबून पाहिलं. धडधाकट होतं.

"एकदा तरी विचारायचंस, हे का नाही वापरायचं म्हणून."

"वापरलं होतं की. लहानपणी. जमलंही." भाचीनं हात सोडवून घेतला. "तू आत निघून गेलीस. आलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतंस. मग नाही वापरलं."

तेवढ्यात क्लासमधली आणखी एक मुलगी धापा टाकत आली.

"बाई, आता माझाच नंबर! हात नुसते गार पडलेत. काहीतरी सांगा ना."

दार उघडून कुणीतरी तिला हाक मारली. मावशीनं भाचीकडे पाहिलं. भाची बुटाची नाडी बांधायला वाकली होती.

"शिकवलंय तसंच वाजव," मावशी म्हणाली.