त्रायानचा लांबलचक मफलर

मी एक मफलर बोलतोय. करड्या लोकरीचा, दोन्ही टोकांना झालर असलेला आणि माणसाच्या गरजेपेक्षा बराच लांब. लांबीचा दोष माझा नाही. मला विणलं वेतुरिया म्हातारीनं, रोमानियात, तुर्दाजवळच्या एका गावात. तिचा मुलगा त्रायान ट्रक घेऊन परदेशी जायचा. त्याची वाट बघत ती विणत बसायची. त्याला यायला उशीर व्हायचा आणि मी वाढत जायचो.

त्रायानच्या गळ्यात वेढे घेऊन मी खूप रस्ते पाहिले. एकदा व्हिएन्नात ट्रक बिघडला. गॅरेजवाल्यानं उद्या या म्हणून सांगितलं. कडाक्याच्या थंडीत आडोसा शोधता शोधता त्रायान ऑपेराघराच्या बाजूच्या एका रांगेत शिरला. तिथे उभं राहून गाणं ऐकायचं तिकीट अगदी स्वस्तात मिळतं. जागा धरायची रीतही साधी. कठड्याला आपला मफलर बांधायचा आणि खुशाल पाय मोकळे करून यायचं. बांधलेल्या मफलराची जागा कुणी घेत नाही.

त्यानं मला बांधलं. त्या संध्याकाळी काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. एवढंच सांगतो, सगळं संपल्यावर तो माझी गाठ सोडायलाच विसरला आणि दारापर्यंत जाऊन परत आला.

घरी गेल्यावर त्यानं जेवताना सगळं सांगितलं. त्याची बायको रोदिका हातातला चमचा तसाच धरून ऐकत राहिली. वेतुरिया मात्र हसली. डिझेलचा वास मारणारं जाकीट घालून तुला तिथे कोण आत घेणार, दारूच्या दुकानात बसला असशील, असं म्हणाली. त्रायाननं वाद घातला नाही. तुम्हा दोघींना एकदा घेऊन जाईन, एवढंच बोलला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

पुढच्याच हिवाळ्यात त्याचं हृदय बंद पडलं.

मग त्या घरात सासू आणि सून दोघीच उरल्या. मीठ दे, दार लाव, यापलीकडे बोलणं नाही. मी खुंटीवर होतो. रोदिका येता-जाता मला हात लावायची, म्हातारी माझ्याकडे पाठ करून बसायची. शेवटी रोदिकानं माहेरी जायचं ठरवलं. पण त्याआधी नवऱ्याचा शब्द पाळायचा म्हणून तिनं सासूला बसमध्ये बसवलं आणि मला गळ्यात घातलं.

व्हिएन्नात आम्ही राहिलो रोदिकाच्या मैत्रिणीकडे, स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरूण टाकून. रोदिकानं पूर्वी ऑस्ट्रियात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी केली होती, त्यामुळे भाषा यायची. सगळीकडे पायीच जायचं. राजवाडे बाहेरून बघायचे, बागा मात्र आतून, कारण बागांना तिकीट नाही. तहान लागली की रस्त्यावरचा नळ. एका कॉफीच्या दुकानात वेतुरिया ऐटीत शिरली, दरपत्रक बघून तितक्याच ऐटीत बाहेर आली आणि म्हणाली, "यांच्या गाई सोन्याचं दूध देतात काय?"

रोदिकाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

दुपारी बागेतल्या बाकावर दोघी घरून आणलेला पाव, कांदा आणि उकडलेली अंडी खात बसल्या होत्या. समोरून रेशमी कपड्यातली माणसं चालली होती. वेतुरिया त्यांच्याकडे बघत म्हणाली, "हे लोक बघ. आणि आपला त्रायान यांच्यात उभा होता म्हणे."

रोदिकानं हातातला पाव खाली ठेवला. "आई, तो खोटं बोलत नव्हता. तुम्ही हसलात, तेव्हापासून तो घरात गप्प झाला."

म्हातारी अंड्याचं कवच उगाच बारीक बारीक करत राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी होतो तिथे, मला विचारा. लोकरीला तोंड नसतं.

संध्याकाळी तिकिटं मिळाली. रोदिकानं मला पुढच्या कठड्याला बांधलं, दोन माणसांच्या जागेवर पसरून. शेजारची एक वयस्क बाई, तिथली नेहमीची असावी, जर्मनमध्ये कुरकुरली की एका मफलराला एकच जागा. रोदिका तिला हळू आवाजात काहीतरी म्हणाली. बाईनं माझी लांबी नजरेनं मोजली, वेतुरियाच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बाजूला सरकली.

मग छताला लावलेलं स्फटिकाच्या दिव्यांचं कडं उजळलं. वेतुरियानं मान वर केली ती खाली करायलाच विसरली. तांबडी मखमल, सोनेरी सज्जे, सज्ज्यांवर सज्जे. तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला, चर्चमध्ये करावा तसा.

दिवे मंद होऊ लागले तेव्हा घाईघाईनं एक माणूस आला. रंगारी होता. पँटवर चुन्याचे शिंतोडे, नखांत पांढरा रंग. आता याला हाकलणार, म्हणून वेतुरिया दारावरच्या गणवेशातल्या माणसाकडे बघू लागली. त्या माणसानं रंगाऱ्याचं तिकीट पाहिलं आणि अदबीनं वाट दाखवली. पुढे जागा नव्हती. तो मागे उभा राहून टाचा उंचावू लागला.

वेतुरिया कितीतरी वेळ त्याच्या बुटांकडे बघत होती.

"म्हणजे सोडतात," ती म्हणाली. "रोदिका, सोडतात गं आत."

"हो, आई."

म्हातारीनं मला कठड्यावर एका बाजूला सारलं, सुनेला चिकटून उभी राहिली आणि रंगाऱ्याची बाही धरून त्याला शेजारी मोकळ्या झालेल्या जागेत ओढलं. मग पडदा वर गेला आणि एका बाईचा आवाज निघाला. एवढ्याशा गळ्यातून तो कसा निघतो हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही कळलं नाही. कठडा थरथरला, माझा धागा न् धागा थरथरला. वेतुरियानं माझी झालर मुठीत घट्ट धरली होती. शेवटी मूठ उघडली तेव्हा मी ओला होतो.

आता मी तिच्याच गळ्यात असतो. मला एक भोक पडलंय, लोकर विरत चाललीय. रोदिका माहेरी जायची होती, ती अजून गेलेली नाही. बाजारात कुणी भेटलं की म्हातारी सुरू होते: माझा त्रायान तिथे सर्वांत पुढे उभा होता, गाणारीनं त्याच्याकडे बघून मान झुकवली होती.

तो मागच्या कठड्याशी, खांबाआड उभा होता. मला ठाऊक आहे. पण तुम्ही तिला कधी भेटलात, तर कृपा करून हसू नका.