पाय ठेवायचा की काढायचा

विनोदला कुणी वेडा ठरवलं असतं तर एकदाचं बरं झालं असतं. वेड्याला घर सांभाळून घेतं, गल्ली सांभाळून घेते. पण विनोद वेडा नव्हता, हीच तर खरी पंचाईत होती. पाढे विचारा, घडाघडा म्हणेल. कुठली गाडी दौंडला कुठल्या फलाटावर लागते ते विचारा, गाडीच्या आधी सांगेल. पण सकाळी दोन शर्ट हातात दिले की गडी गेला कामातून. निळा घालावा तर कालच धुतलाय, लगेच मळेल. चौकटीचा घालावा तर त्याची कॉलर विरलीय. पण चौकटीचा अंगाला गार लागतो. पण निळा बायकोला, मायाला आवडतो. पण माया तर आता नळावर गेलीय, मग बघणार कोण? तिकडं चहावर साय धरायची आणि हा उघड्या अंगानं उंबऱ्यात उभाच.

अपघाताआधी तो असा नव्हता. शिक्रापूरच्या एका कारखान्यात तो तपासणीच्या टेबलावर होता. नव्याण्णव साली शिफ्ट सुटल्यावर सायकलवरून खोलीकडे निघाला, मागून ट्रकनं उडवलं, आणि भुवयांच्या वरचं हाड आत दबलं. पुण्याला ऑपरेशन झालं, माणूस वाचला. बोलायला लागला, चालायला लागला, माणसं ओळखायला लागला. मायानं गल्लीत पेढे वाटले.

मग तो कामावर परत गेला. मापाचा गेज बसला तर पास, नाही बसला तर बाद, इथपर्यंत सगळं झकास. पण पृष्ठभागावर बारीक चरा असला की तो नजरेनं ठरवावा लागतो, आणि तिथं गाडी अडली. शिफ्ट संपेपर्यंत विनोदच्या हातात तोच एक तुकडा. साहेब भला माणूस होता, त्यानं रागावून नाही, हात जोडून घरी पाठवलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी मायाला आणि आबांना समोर बसवून समजावलं होतं. आबा म्हणजे विनोदचे वडील, शंकरराव. डॉक्टर म्हणाले की बुद्धीला धक्का लागलेला नाही. पण माणूस नुसत्या बुद्धीनं ठरवत नसतो. बुद्धी दोन्ही बाजू मांडते आणि गप्प बसते. त्यातली एक बाजू पोटात गोळा आणते, एक छातीला हलकं करते, त्यावर माणूस 'हे नको, ते हवं' म्हणतो आणि वर सांगतो की मी विचार करून ठरवलं. विनोदच्या मेंदूत ती खबर जिथं पोचायची तीच जागा चिरडली होती.

शंकररावांना हे पटलं नाही. परत येताना गाडीत ते मायाला म्हणाले की पोटानं ठरवायला माणूस काय गुरंढोरं आहे? पोरगं घाबरलंय, दुसरं काही नाही.

त्यांचंही काय चुकलं म्हणा. त्यांचे वडील केंदूरला येसकर होते. रोज सकाळी काठी घेऊन पाटलाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, 'काय हुकूम?' विचारायचं आणि सांगतील तिकडं पळायचं. शंकररावांनी लहानपणी ते डोळ्यांनी बघितलं होतं. पुढे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, दौंडच्या लोकोशेडमध्ये फिटर म्हणून लागले, आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली, की आपल्या घरात हुकूम चालणार नाही. विनोद एवढासा असल्यापासून ते त्याला म्हणायचे, "तूच ठरव. फक्त कारण सांग." आयटीआयला कुठला ट्रेड घ्यायचा, लग्न कुणाशी करायचं, सगळं विनोदनं ठरवलं आणि कारणं सांगितली. सगळ्या वस्तीत अशा पद्धतीनं वाढलेलं ते एकच पोर होतं, आणि शंकररावांना त्याचा कोण अभिमान.

म्हणून माया जेव्हा नवऱ्याच्या हातात एकच शर्ट द्यायला लागली आणि सकाळ सुरळीत व्हायला लागली, तेव्हा शंकरराव खवळले. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. तिला त्यांनी बजावलं की दोन द्यायचे, एक नाही. हातात आयतं दिलंस तर हा कायमचा पांगळा होईल.

पांगळं कोण होणार होतं, ते पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

शंकररावांना साखरेचा त्रास जुना. नव्या चपलेनं अंगठा कापला, जखम चिघळली, अंगठा काळा पडला आणि काळं वर सरकायला लागलं. दौंडातल्या सर्जननी आडपडदा ठेवला नाही. आत्ता कापलं तर घोट्याखाली भागेल. थांबलो तर गुडघा जाईल, आणखी थांबलो तर माणूस. पण हृदय कमजोर आहे, भूल सोसेल याची हमी नाही. पाय ठेवायचा की काढायचा, ते लवकर सांगा.

शंकरराव शांतपणे म्हणाले, "विनोद सांगंल."

घरी आल्यावर माया सासऱ्यांच्या पायाशी बसली. "मामा, पाय तुमचा हाय. तुम्हीच हो म्हणा."

"मी हो म्हणलो तर जीव वाचंल, पोरगं हातचं जाईल," शंकरराव म्हणाले. "शर्टावर मन बसत नसंल त्याचं. पण बापाचा पाय हाय हा. हितं तरी त्याला कळंल. आन् तू त्याला काही सांगायचं न्हाई."

घ्या आता! हट्टाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

विनोद वडिलांच्या खाटेजवळ बसला. खरं सांगायचं तर त्याच्याइतका नीट विचार त्या पायाचा डॉक्टरनीही केला नसेल. काढला तर विष थांबेल. पण भूल सोसली नाही तर आबा टेबलावरच जातील. ठेवला तर भूल टळेल, पण विष टळणार नाही. पण एखाद्याचं औषधावर बरं होतंही. पण आबांना साखर आहे. पण आबा काटक आहेत. प्रत्येक 'पण' खरा होता आणि प्रत्येक 'पण' सारख्याच वजनाचा. विनोद या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा, तिथून परत यायचा. पायाला वास येत होता. आपण घाबरायला हवं हे त्याला ठाऊक होतं, दौंड जंक्शन आहे हे ठाऊक असावं तसं. पण भीती काही येत नव्हती. कोंडल्यासारखं मात्र होत होतं. चारी बाजूंनी दारं उघडी आणि एकातूनही पाऊल बाहेर पडत नाही, असा तो कोंडमारा होता.

शेवटी मायानं सासऱ्यांचा शब्द मोडला. मोरीपाशी गाठून तिनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, मी सांगते, काढा म्हणा." विनोद वळला, दोन पावलं चालला आणि थांबला. मायाचं ऐकावं तर आबांनी सांगितलंय की तूच ठरव. आबांचं ऐकावं तर माया सांगतेय ते बरोबर आहे. पूर्वी दोन वाटा होत्या, आता चार झाल्या. माया तिथंच कपाळाला हात लावून बसली आणि रडली.

त्याच आठवड्यात दत्ता आला. कारखान्यात शेजारच्या टेबलावरचा मित्र, गाव कवठे येमाई. त्यानं पाय बघितला, विनोदला बाहेर नेलं आणि म्हणाला की आमच्या मळ्याशेजारी देवीचं लहानसं देऊळ आहे, तिथं कौल लावू. देवीनं सांगितलं की सुटलास.

बौद्धाच्या पोरानं कौल लावायचा! शंकररावांना कळलं असतं तर त्यांनी दुसराही पाय आपटला असता. विनोदला हे सगळं कळत होतं. लाज वाटायला हवी होती, तीही वाटेना. दत्तानं हात धरून 'चल' म्हटलं, म्हणून तो एसटीत चढला.

देवळात साखरबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई पूजा करायच्या. त्यांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पाय काढायचा, डावी पडली तर ठेवायचा, असं गाऱ्हाणं घातलं. बऱ्याच वेळानं उजवीकडची पाकळी घसरली आणि खाली आली. दत्तानं मोठा श्वास सोडला आणि विनोदच्या पाठीवर थाप मारली.

विनोद पाकळीकडे बघत होता. दत्ताला सुटल्यासारखं झालेलं त्याला दिसत होतं. पण पाकळी म्हणजे आणखी एक कारण झालं, बाकीच्या कारणांच्या शेजारी जाऊन बसलेलं. देवी खरी असेल तर कौल मानावा. आबा म्हणतात देवी खोटी, तर मानू नये. त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, "आजी, हा कौल मानायचा का न्हाई, यावर पुन्हा कौल लावता येईल का?"

साखरबाईंनी त्याच्या कपाळावरचा खड्डा बघितला. चेष्टा नाही हे त्यांना कळलं. "लेकरा, देवी सांगती," त्या म्हणाल्या. "पण ऐकणारं मन तुझं तुलाच आणावं लागतं." आणि त्यांनी पाकळ्या गोळा केल्या.

विनोद दौंडला पोचला तेव्हा गल्लीत रिक्षा उभी होती. शंकररावांना ताप भरला होता, काळं पोटरीच्या वर चढलं होतं. दवाखान्यात सर्जन मायावर चिडले, आणि चिडणार नाहीत तर काय. आता घोट्याचा प्रश्नच उरला नाही, ते म्हणाले, गुडघ्याच्या वरूनच काढावा लागेल, आणि तोही आत्ताच्या आत्ता. बोला.

सगळे विनोदकडे बघायला लागले. शंकररावांनीही तापलेले डोळे उघडले. विनोद खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

"काय ठरवलंस, विन्या?"

"आबा, काढला तर..." विनोद म्हणाला. "पण भूल... पण न्हाई काढला तर..."

शंकरराव त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथं भीती नव्हती. भीती असती तर त्यांनी अजूनही वाट बघितली असती. भित्र्या माणसाला धीर देता येतो. इथं पोरगं नेटानं, जीव तोडून विचार करत होतं, त्यांनी शिकवला होता अगदी तसा, आणि त्या विचाराला तळच नव्हता. डॉक्टर खरं बोलले होते. हे कळायला त्यांना पाय द्यावा लागत होता.

"विन्या," ते म्हणाले, "डॉक्टरला सांग, पाय काढा. माझा हुकूम हाय."

"बरं, आबा," विनोद म्हणाला आणि वळला. दाराशी थांबला नाही, मागं बघितलं नाही, तडक सर्जनकडे जाऊन सांगून आला. अपघातानंतर इतकं सरळ तो पहिल्यांदाच चालला होता. कोंडमारा सुटल्यासारखं त्याला झालं आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं. शंकररावांनी ते बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. माया म्हणाली की मामा, रडू नका, भूल सोसंल. पण ते भुलीसाठी रडत नव्हते.

भूल सोसली. काटक माणूस, जगला.

पावसाळा सरता सरता ते घरी उशीला टेकून बसायला लागले. खाट दाराच्या समोर होती, म्हणजे उजेड यायचा. पहिल्याच सकाळी अंघोळ करून विनोद आला. मायानं सासऱ्यांचा नियम पाळून दोन्ही शर्ट दिले होते. या वेळी तो घोळत बसला नाही. आता वाट त्याला ठाऊक झाली होती. तो उंबऱ्याबाहेर नीट उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"आबा, कुठला घालू?"

केंदूरच्या पाटलाच्या उंबऱ्याबाहेर काठी घेऊन उभे असलेले वडील शंकररावांना दिसले. पोराच्या तोंडावर तीच निवांत वाट बघणं होतं. 'तूच ठरव' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. चुलीपाशी माया हातातलं काम थांबवून ऐकत होती.

"निळा घाल," शंकरराव म्हणाले.

"बरं," विनोद म्हणाला आणि शर्ट घालून चहा प्यायला बसला. चहा अजून गरम होता.