गेट क्रमांक चार

“मामा पडले! अहो, मामा पडले!”

सहा नंबरच्या फलाटावरून आरोळी आली तेव्हा माईकबाई सतरा नंबरची गाडी पुकारत होती. वाक्य अर्धवट टाकून ती केबिनच्या काचेशी आली. खाली गर्दीच्या मधोमध कंडक्टर उताणा पडला होता. तिकिटाचं यंत्र अजून गळ्यातच होतं.

माईकबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण त्या बसस्थानकात एकोणीस वर्षं गाड्या पुकारता पुकारता खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. हजारो लोक तिचा आवाज ओळखत, चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता. कंडक्टर मामा मात्र गाडी फलाटाला लागली की केबिनच्या जिन्याशी उभे राहून हाक मारायचे, “बाई, आज घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या करा. आमच्या गाड्या तुमच्या आवाजावर चालतात, डिझेलवर नव्हे!”

ती धावतच खाली गेली. मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ड्रायव्हरने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

“छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय,” मामा कसेबसे म्हणाले. “गाडी भरलीय हो... त्या लोकांना दुसऱ्या गाडीत बसवा.”

“ॲम्ब्युलन्स निघालीय,” ड्रायव्हर फोन कानाला लावून म्हणाला, “पण समोरचा रस्ता अडवलाय म्हणे. कुणा बड्या साहेबांचा ताफा जायचाय. वीस मिनिटं लागतील.”

तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. सहा नंबरच्या पाठीमागे लोखंडी गजांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे सरकारी कचेऱ्यांचा तो कडेकोट बंदोबस्तातला परिसर. आत शिरल्याबरोबर पन्नास पावलांवर दवाखाना. त्याची लाल फुली फलाटावरून दिसायची. दारात ॲम्ब्युलन्सही उभी होती. मध्ये होतं फक्त गेट क्रमांक चार. पूर्वी आतले कर्मचारी बसमधून उतरून याच गेटने कामाला जात. दोन वर्षांपूर्वी सुरक्षेच्या नावाखाली त्याला कुलूप लागलं, आणि तेव्हापासून सगळे लोक भिंतीला वळसा घालून दीड किलोमीटर चालत होते.

माईकबाईने गज धरले. आत चाळिशीचा पहारेकरी उभा होता.

“दादा, गेट उघडा. माणूस जातोय.”

“परवानगी नाही, ताई.”

“अहो, दवाखाना तो काय, समोर दिसतोय!”

“तो आतल्या लोकांसाठी आहे. मी कंट्रोल रूमला कळवलंय. ते म्हणतात, स्थानकप्रमुखांच्या सहीने लेखी विनंती पाठवा.”

“चावी कुणाकडे आहे?”

पहारेकऱ्याचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच थबकला. “ताई, नोकरीचा प्रश्न आहे माझ्या.”

ती स्थानकप्रमुखांकडे पळाली. ते फोनशी झटापट करत होते. “लावतोय, बाई, लावतोय! वरून होकार आल्याशिवाय आपण काय करणार? आपले हात दगडाखाली आहेत.”

दगडाखाली! आणि तिकडे फलाटावर जो पडलाय, त्याचं काय? माईकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक वळली. जिना चढून केबिनमध्ये गेली, आतून कडी लावली आणि माईकचं बटण दाबलं. ज्या सुरात ती रोज गाड्या पुकारायची त्याच सुरात, ना चढ ना उतार, ती बोलू लागली.

“कृपया लक्ष द्या. फलाट क्रमांक सहावर आपले कंडक्टर मामा पडले आहेत. दवाखाना पन्नास पावलांवर आहे. मध्ये गेट क्रमांक चार आहे. आता नऊ वाजून एकतीस मिनिटं झाली आहेत. गेट बंद आहे.”

मिनिटभराने पुन्हा तेच. बत्तीस. गेट बंद आहे. तेहतीस. गेट बंद आहे.

कचेरीची वेळ. एकामागून एक गाड्या रिकाम्या होत होत्या. उतरणारे बहुतेक त्याच परिसरात काम करणारे, गळ्यात कार्डं अडकवलेले. एरवी घड्याळ बघत सुटणारी ती माणसं जागीच थांबली. मग कुणीतरी जेवणाचा डबा गजांवर आपटला. “अहो, उघडा की! कुणाची वाट बघताय?”

केबिनच्या दारावर स्थानकप्रमुखांच्या थापा पडू लागल्या. “बाई, बंद करा ते! माझ्या पोटावर पाय आणाल!”

“नऊ वाजून अडतीस मिनिटं. गेट बंद आहे.”

नऊ एक्केचाळीसला दवाखान्यातून डॉक्टर धावत आला. त्याला कुणीच काही कळवलं नव्हतं. कामावर हजर होताच कर्ण्यावरचा आवाज ऐकून तो आपणहून आला होता.

“उघड!”

“सर, आदेश...”

“आदेश मी लिहून देतो, आधी उघड!”

कुलूप निघालं. डॉक्टर मामांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळव्यांनी छाती दाबू लागला. बराच वेळ दाबत राहिला. मग टाचांवर मागे बसला. “दहा मिनिटं आधी जरी...” एवढं म्हणून त्याने भोवतालच्या माणसांकडे पाहिलं आणि मामांचे डोळे मिटले.

वर केबिनमध्ये माईकबाईने माईक बंद केला. त्या दिवशीच्या उरलेल्या गाड्या न पुकारताच गेल्या.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातात नोटीस पडली: सुरक्षित परिसरालगत ध्वनिक्षेपकाचा गैरवापर करून जमावाला चिथावणी. चौकशी त्याच परिसरात होती. एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदा आत गेली. मुख्य दारात तिची पर्स उपडी केली, साधं पेनही काढून घेतलं.

चौकशी अधिकारी गोड बोलणारे निघाले, आणि तेच तिला जास्त झोंबलं. “बाई, तुमच्या भावना कळतात आम्हाला. पण आमच्या नोंदीप्रमाणे गेट नऊ तेहतीसला उघडलं. गडबडीत तुमची वेळ चुकली असेल.”

“साहेब, एकोणीस वर्षं मी वेळच सांगतेय.”

त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं आणि टायपिस्टला मजकूर सांगायला सुरुवात केली, “संबंधित कर्मचारी मान्य करतात की गेट तत्परतेने...”

टायपिस्टची बोटं थांबली. “साहेब,” ती मान वर न करता म्हणाली, “त्या दिवशी मी सहा नंबरवरच उतरले होते. एक्केचाळीसला उघडलं.”

“तुम्हाला कुणी विचारलंय?”

“कुणीच नाही विचारलं. म्हणून तर सांगतेय.”

टायपिस्टला बाहेर जायला सांगण्यात आलं. ती उठली आणि दार सताड उघडं टाकून गेली. साहेबांनी स्वतः उठून ते लावलं आणि खणातून आधीच छापून ठेवलेला माफीनामा काढून टेबलावर सरकवला.

“सही करा, विषय संपला. नाहीतर उद्यापासून माईक नाही. गावाबाहेरच्या आगारात, टायरच्या गोदामात बदली.”

माईकबाईने कागद सावकाश वाचला. “मामांची बायको मला विचारते, दवाखाना समोर असताना माणूस गेला कसा? साहेब, तिचं उत्तर तुम्ही या कागदावर लिहा. त्याखाली मी सही करते.”

साहेबांनी कागद बोटाने आणखी पुढे सरकवला.

“मग टायरच बरे,” कागद परत सरकवत ती म्हणाली. “फुटतात, पण खोटं बोलत नाहीत.”

बाहेर ऊन रणरणत होतं. दवाखान्यावरून जाताना ती चार नंबरच्या गेटापाशी आली. पहाऱ्यावर तोच होता. तिला पाहून त्याने इकडे तिकडे नजर टाकली आणि कमरेची चावी काढली.

“ताई, एवढ्या उन्हातून वळसा कशाला घालताय? या इथून. कुणी बघत नाहीये.” मग खालच्या आवाजात, “घरी लहान पोरं आहेत हो माझी. त्या दिवशी... हात उचललाच नाही.”

तिला त्याची कीव आली. क्षमा मात्र करवेना. गजांपलीकडे मामांची गाडी लागली होती. नवा कंडक्टर माणसं आत घेत होता.

“ठेवा ती चावी,” ती म्हणाली. “तुमची नोकरी जावी असं मला नाही वाटत. पण इथून मी जाणार नाही.”

ती वळली. मुख्य दारात तिने आपलं पेन मागून घेतलं आणि भिंतीच्या कडेने चालू लागली. भिंत लांबच लांब होती, सावली कुठेच नव्हती. तिने डोक्यावर रुमाल घेतला. उशीर झालेले कर्मचारी गळ्यातली कार्डं सावरत, धापा टाकत समोरून येत होते. प्रत्येकाला वाट करून देत ती चालत राहिली.