सरदाराने दिलेलं पुस्तक

विमा कंपनीत क्लेम तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कोण खरंच पडला आणि कोण पडल्याचं सोंग करतोय, हे माणूस समोरच्या खुर्चीत बसायच्या आधी मला कळतं. पण मुलीचा विषय आला की बाप गाढव होतो. शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, की यंदापासून इतिहास ‘सर्वसमावेशक’ पद्धतीने शिकवला जाईल, प्रत्येक मुलाच्या संस्कृतीचा वर्गात ‘सन्मान’ होईल. आणि मी, ज्ञानदीप, खऱ्याखोट्याची पारख असलेला माणूस, तो मेसेज बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

शाळा इंदूरच्या विजय नगरात. बाहेरून सगळी काच, आत कारंजं, आणि कारंज्याच्या मागे प्रिन्सिपल भानुमती मॅडमची केबिन. केबिनमध्ये त्यांचे पूर्वज दौलतराव, होळकरांच्या पदरचे सरदार, भिंतीवर मिशा पिळून बसलेले. फी भरायला उशीर झाला की मॅडम त्या फोटोखाली बसून बोलतात, म्हणजे समोरच्याला आपण वसूल न झालेला शेतसारा आहोत असं वाटतं.

माझी प्राची आठवीत आहे. गृहपाठ मिळाला होता, आपल्या एका पूर्वजाची गोष्ट लिहून आणा, चांगली गोष्ट ‘इतिहास उत्सवा’त मंचावर सांगायला मिळेल, आणि उत्सव जमला तर शाळा तोच भोपाळच्या स्पर्धेत नेईल. पोरगी हरखली. संध्याकाळी क्लासवरून आली की वही घेऊन माझ्या वडिलांपाशी बसायची. वडिलांचं नाव पंचशील. कुणी काही विचारलं की ते पाण्याच्या ग्लासापासून सुरुवात करतात आणि महूच्या छावणीत पोचतात. पण या वेळी त्यांनी सांगण्यासारखं सांगितलं. त्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली.

तिचं नाव कौसल्या. बाप पलटणीत होता, म्हणून ती पलटणीच्या शाळेत शिकली. बालबोध वाचायची, मोडीही वाचायची. नवरा धोंडिबा, तोही शिपाईगडी. महूच्या बाजारात मोठमोठी घरं होती. त्या घरांतले पुरुष दरबारच्या नोकरीसाठी परगावी असायचे आणि तिकडून बायकांना पत्रं धाडायचे. बायकांना अक्षर येत नव्हतं. कारकुनाकडून वाचून घ्यावं, तर घरातली गोष्ट गावभर. मग मागच्या दारी कौसल्येला बोलावणं जायचं. बाई ओट्यावर, कौसल्या खाली अंगणात. बाई पत्र जमिनीवर टाकायची, कौसल्या वाकून उचलायची, वाचायची आणि पुन्हा जमिनीवर ठेवायची. ती दूर झाली की विटाळ जावा म्हणून त्या पत्रावर पाणी शिंपडायचे.

शाईचं पत्र आणि वरून पाणी. पत्र शुद्ध झालं आणि अक्षरं गेली. आठ दिवसांनी बाईला नवऱ्याची आठवण यायची, पत्र पुन्हा ऐकावंसं वाटायचं, आणि हातात नुसता निळा डाग. मग पुन्हा कौसल्येला बोलावणं. ती अंगणात उभी राहून पाठ झालेलं म्हणून दाखवायची. वडील म्हणतात, अर्ध्या महूचे संसार तिला पाठ होते आणि तिने त्यातला एक शब्द कधी बाहेर काढला नाही.

प्राचीने हे सगळं लिहिलं. फ्रिजसमोर उभी राहून म्हणायची, हातवारे करायची, निळ्या डागापाशी आली की स्वतःच हसायची. तिला दुसरं काही नको होतं. तिला मंचावर उभं राहून कौसल्येची गोष्ट सांगायची होती, एवढंच.

इतिहासाचे संजीव सर माणूस बरा, पण पाठीच्या कण्याच्या जागी सुतळी आहे. त्यांना गोष्ट आवडली. डोळे पुसले म्हणे. आणि डोळे पुसून त्यांनी ती कन्सल्टंटकडे पाठवली.

हा कन्सल्टंट म्हणजे पीयूष सर. गुडगावहून आलेला, तिशीचा, खादीचा महाग कुडता आणि कानात कायम काहीतरी. इतिहास कसा शिकवावा हे तो देशभर शिकवत हिंडतो. स्वतः इतिहास शिकवताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याने येऊन पहिलं काम केलं, ते मुलं वेगळी करायचं. आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं, ओला कचरा इकडे आणि सुका तिकडे टाकायची आम्हा सगळ्यांना शिस्त आहे. तीच शिस्त त्याने पोरांना लावली. सियागंजात ज्यांची किराण्याची पेढी आहे त्यांच्या निधीच्या हाती तराजू आला. झाबुआकडच्या एका भिल्ल पोराला धनुष्यबाण मिळाला. त्याचे वडील दातांचे डॉक्टर आहेत. मॅडमचा भाचा अर्पित सरदार झाला, खऱ्या तलवारीसकट. तोवर ही सगळी एका डब्यात खाणारी पोरं होती. त्यानंतर जो तो दुसऱ्याकडे बघून ‘अच्छा, तुम वो हो’ म्हणायला लागला. याला म्हणे समावेशन.

आणि प्राचीच्या वाट्याला मडकं आलं.

जेवताना तिने सांगितलं. आवाजात काही नव्हतं, तेच मला जास्त लागलं. तिने गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून अनवाणी यायचं. बोलायचं नाही. मग सरदार येणार, ‘आज से तुम भी पढ़ोगी’ म्हणणार, पुस्तक तिच्या पायांशी जमिनीवर ठेवणार. तिने गुडघे टेकून ते उचलायचं, कपाळाला लावायचं. मग सरदार मडकं काढून तिला जवळ घेणार. मागे बासरी.

मी विचारलं, कौसल्येची गोष्ट? ती म्हणाली, “पप्पा, पीयूष सर बोले की उसमें दर्द कम है.”

दुसऱ्या दिवशी अर्ध्या रजेवर शाळेत गेलो. मॅडमनी चहा मागवला. त्यांना वाटलं मी आभार मानायला आलोय. म्हणाल्या, इतकी वर्षं शाळेत तुमच्या समाजाचा विषयच निघत नव्हता, आता बघा, क्लायमॅक्सच तुमच्या मुलीला दिलाय. मी म्हटलं, मॅडम, माझी मुलगी जी गोष्ट घेऊन आली होती, ती का नाही. पीयूष सर सरसावून बसला. त्याचं म्हणणं, गोष्ट छान आहे, पण त्यात पीडित बाई शिकलेली आहे आणि वरची बाई अडाणी. त्याने प्रेक्षक कन्फ्यूज होतो.

मी म्हटलं, “मग होऊ द्या ना कन्फ्यूज. खरं तसंच होतं.”

मॅडमनी चहाचा कप बशीत फिरवला. मग मऊ आवाजात म्हणाल्या, “ज्ञानदीपजी, आपण जात-पात मानत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण हॉलमध्ये जुन्या घराण्यांतले पेरेंट्स असतात. आपल्या आजी-पणजीला वाचता येत नव्हतं, हे पब्लिकमध्ये कशाला? किसी को हर्ट क्यों करना.”

म्हणजे घोडं तिथे पेंड खात होतं. माझ्या खापरपिढ्यांच्या गळ्यातलं मडकं पब्लिकमध्ये चालतं, त्याने कुणी हर्ट होत नाही. यांच्या पणजीला पत्र वाचता येत नव्हतं, ते मात्र झाकून ठेवायचं. मडकं खोटं आहे असं मी म्हणत नाही. आमच्या माणसांवर काय गुजरलं ते मला कुणी गुडगावहून येऊन सांगायची गरज नाही. पण ज्या बाईने यांना वाचून दाखवलं, तिच्याच खापरपणतीला आता यांच्याच हातून पुस्तक मिळणार, आणि तेही जमिनीवरून उचलून. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मी एवढंच म्हटलं, की पुस्तक निदान जमिनीवर ठेवू नका. पीयूष सर हसून म्हणाला, ते सिम्बॉलिझम आहे. सरदार आधी कचरतो, मग बदलतो. त्याची जर्नी दिसली पाहिजे. गळ्यात मडकं माझ्या पोरीच्या आणि जर्नी अर्पितची.

घरी येऊन मी जाहीर केलं, की त्या दिवशी प्राची शाळेत जाणार नाही. बायको म्हणाली बरोबर आहे. प्राची म्हणाली, ती जाणार.

मी चिडलो. म्हटलं, एवढा अपमान करून घ्यायची हौस कशासाठी. तिने ताटातला भात एका बाजूला केला आणि म्हणाली, “मी नाही गेले तर ते मडकं संबोधीला घालतील. तिला मी सांगू का, की तू घाल?”

संबोधी सहावीत आहे. वडील बेटम्याला बँकेत, पोरगी इतकी बुजरी की स्वतःचं नाव सांगताना जमिनीकडे बघते. शाळेत ‘आमच्यातल्या’ एवढ्या दोघीच. प्राचीने हा हिशेब माझ्या आधी केला होता. मला तिचा अभिमान वाटला आणि त्या काचेच्या इमारतीचा इतका तिटकारा आला, की मी हात धुवायला उठलो.

उत्सवाला हॉल गच्च भरला होता. इंदूरचा कार्यक्रम, म्हणजे दारातच पोहे-जलेबीचा स्टॉल, आणि इतिहासापेक्षा तिथे गर्दी जास्त. बायकोला हे बघवणार नव्हतं, ती घरीच थांबली; वडील मात्र कोट घालून आले होते. माझ्या शेजारी एक गृहस्थ शेव चघळत मला विचारत होते, “भिया, आपका बच्चा क्या बना है?”

तराजू येऊन गेला, धनुष्यबाण येऊन गेला. मग दिवे मंद झाले, बासरी सुरू झाली, आणि माझी मुलगी अनवाणी आत आली. मडकं प्लास्टिकचं होतं, मातीच्या रंगाचं; मातीचं घेतलं तर फुटेल म्हणून ऑनलाइन मागवलेलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी ‘च्‌ च्‌’ केलं. काहींनी मोबाइल वर केले. वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

अर्पित आला. पोरगा वाईट नाही, फेट्याच्या ओझ्याने घामाघूम झालेला. कॉलरला माइक. वाक्य नीट म्हणाला आणि ठरल्याप्रमाणे पुस्तक तिच्या पायांशी ठेवून मागे सरकला.

प्राची वाकली नाही.

बासरी वाजतच राहिली. अर्पितने पुस्तकाकडे बघितलं, मग विंगेत बघितलं. विंगेतून मॅडमचा हात खाली, खाली अशी खूण करत होता. संजीव सर कुठेतरी खांबाआड गेले. प्राची सरळ उभी होती आणि तिची नजर अर्पितवर होती. तिच्या गळ्याशी माइक नव्हता, पण अर्पितच्या कॉलरला होता, आणि ती त्याच्या जवळ उभी होती.

“अर्पित, नीचे से उठा. हाथ में दे,” ती म्हणाली. वर्गात पेन्सिल मागावी तशी.

सगळ्या हॉलने ऐकलं. बासरी कुणीतरी बंद केली. अर्पितला काय सुचलं कोण जाणे, त्या घराण्यात इतक्या पिढ्यांत जे कुणाला सुचलं नाही ते त्याला सुचलं. तो वाकला, म्हणून फेटा घसरला, तो एका हाताने सावरत त्याने पुस्तक उचललं आणि तिच्या हातात दिलं. “सॉरी यार,” तो म्हणाला. तेही माइकवर गेलं.

मग प्राचीने त्याच्या माइकजवळ सरकून कौसल्येची गोष्ट सांगितली. पाठच होती. ओट्यावरची बाई सांगितली, अंगण सांगितलं, जमिनीवरचं पत्र सांगितलं. पाणी शिंपडल्यावर अक्षरं गेली, हे आलं तेव्हा मागच्या रांगेत एक पोरगा फसकन हसला आणि त्याच्या मागोमाग पुष्कळ जण हसले. ती हसण्यासाठी थांबली. मग म्हणाली, की माझ्या खापरपणजीने त्यांची सगळी पत्रं वाचली, पण तिच्या हातात एकही पत्र कुणी दिलं नाही. आणि ती मंचावरून उतरली. माझे डोळे भरून आले होते. मी ते पुसले नाहीत. शेववाले गृहस्थ खायचे थांबले होते.

टाळ्या खूप झाल्या. टाळ्यांवर मी जात नाही, हे शहर कशालाही टाळ्या वाजवतं.

मी मंचामागे पोचलो तेव्हा पीयूष सर माझ्याआधी तिथे होता. मला वाटलं रागावला असेल. छे. त्याचा चेहरा उजळला होता. हा माणूस रागवायच्याही लायकीचा नव्हता. तो प्राचीला सांगत होता, “बेटा, दैट वॉज़ गोल्ड. भोपाल में भी यही रखेंगे. अर्पित नीचे रखेगा, तुम यही लाइन बोलोगी, सेम टोन में, फिर वो उठाएगा. ओके?” मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा गेला होता, पण भोपाळचं नाव ऐकून अर्धा परत आला.

प्राचीने मान वाकवून मडक्याची दोरी डोक्यावरून काढली. केस अडकले होते ते सोडवले.

“भोपाल में मटका आप पहनना, सर,” ती म्हणाली. “किताब मैं दूँगी. हाथ में दूँगी.”

आणि तिने ते मडकं दोन्ही हातांनी, नीट, त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं. वडील, प्राची आणि मी बाहेर पडलो, तेव्हाही तो ते धरून उभा होता आणि कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.